बसल्याजागी

डिचोलीला मासळीबाजाराच्या मागे,
झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर एक खोली.
तीत एक खुर्ची, स्टिअरिंग, तीन पडदे,
आणि पडद्यांवर कुठलंसं शहर
जिथे कुणीच राहत नाही.

माजिक सर म्हणाले, भिऊ नका मॅडम,
इथे आपटलात तरी काही फुटत नाही.
मी पट्टा बांधला. चपला बाहेरच राहिल्या होत्या,
देवळाबाहेर राहतात तशा.

पहिलं वळण निभावलं.
दुसऱ्याला जांभई आली, मग तिच्यामागून आणखी एक.
झोपेची नव्हती. ओळखीची होती.
केरी सुटली की चोर्ल्याच्या घाटात
कदंबाच्या खिडकीशी यायची, तीच.
मामा आधी सोल द्यायचा चघळायला,
मग पिशवीचं तोंड उघडून धरायचा.
माझं मला कळण्याआधी त्याला कळायचं.

तेव्हा निदान घाट खरा होता.
इथे डोळे निघालेत साठच्या वेगानं
आणि ढुंगण म्हणतंय, मी तर हललंच नाही.
कान मध्ये पडले,
दोघांचं ऐकून घेतलं, निवाडा होईना.
दंड भरायचा पोटानं.

तळहात गार.
जिभेखाली पाणी, चिंचेला सुटतं तसलं नव्हे,
पातळ, खारट, नोटीस बजावल्यासारखं.
पडद्यावर पूल आला. खाली नदी.
नदीला वास नाही.
मी ब्रेक दाबला, शहर थांबलं.
मी थांबले नाही.

"डोळे धांप गो मात्शे,"
इतका वेळ मॅडम मॅडम करणारे सर
एकदम कोकणीत उतरले.

खाली येऊन चिऱ्याच्या भिंतीला पाठ लावली,
तर भिंतही डावीकडे वळत होती.
बांगड्यांच्या टोपलीमागून एक बाई
माझा रंग बघत राहिली.
"कितवो म्हयनो?"
मला शेहेचाळीस पुरी आहेत.
म्हटलं, सतरावं मिनिट.

ह्यांना संध्याकाळनंतर दिसत नाही आता.
फणसाखाली ताडपत्रीत गाडी,
तिच्यावर खारींचा संसार.
ते रोज विचारतात, कुठवर आलं?
मी म्हणते, पुलापर्यंत.

रात्री पलंग त्या शहरातून फिरत राहिला.
पाय चादरीत ब्रेक शोधत होता,
लागला तो ह्यांचा पाय.
ते जागेच होते. म्हणाले, हळू.

उद्या दहाची वेळ घेतलीय.
रुमालाच्या टोकाला सोल बांधून ठेवलंय,
दोन.