वास येऊ नये म्हणून

तैपोच्या वरच्या अंगाला, गावाच्या पाठीशी
आपल्याकडे देवराई राखतात तसं रान आहे, फेंगशुईचं.
तिथलं अगरूचं झाड त्यांनी नेलं नाही.
रात्री दोघे आले, कुत्रं भुंकलं,
कमरेइतक्या उंचीवर चार घाव घातले
आणि हात हलवत परत गेले.

वान फुक-साऊ, वय ब्याऐंशी, म्हणतो,
"चोर असते तर नेलं असतं.
हे पेरून गेलेत."

दोन वर्षांनी कापणीला येतील.
तोवर घावात बुरशी शिरेल,
झाड आतल्या आत काळं राळ गाळत राहील,
आणि त्याची ती खपली
कुठल्याशा शहरात सोन्याच्या काट्यावर चढेल.

याउ हेई-लाम दोन बसा बदलून येते,
पीएच.डी.चं चौथं वर्ष, बुटांना चिखल.
ओट्यावर लॅपटॉप उघडून म्हाताऱ्याला आलेख दाखवते :
अगरूवरचे शोधनिबंध, सालागणिक.
आधी सपाट, मग एकदम चढण,
मंदिराच्या पायऱ्यांसारखी.
"इतके लोक झाडाचा विचार करतात?"
"घावाचा करतात, काका.
भोक किती खोल पाडायचं, कुठली बुरशी टोचायची,
सलाईन लावावं तसं खोडाला काय लावायचं,
किती महिन्यांत पिकतं."
"आणि झाड कसं जगतं त्याचा?"
ती एका हाताची बोटं मोडते.
अंगठा उरतो.

कायदा आहे. परिशिष्ट दोन.
परवाना, शिक्का, झाडाचं लॅटिन नाव अचूक.
पण कस्टमच्या टेबलावर झाड कधी येतच नाही.
येतो चहाच्या डब्यात चुरा,
गुडघ्याच्या पट्ट्यात दडवलेल्या काड्या,
आणि भिंग डोळ्याला लावलेला एक माणूस,
ज्याला रोज संध्याकाळी सर्दी झाल्यासारखं वाटतं.

मग तिने पिशवीतून डबा काढला, खात्याने दिलेला,
आणि रुंद ब्रश.
भेगेत चुना भरावा तसं बुरशीनाशक
घावाच्या कडेकडेने, कोपऱ्यात, सालीच्या आतही.
म्हातारा बघत राहिला.
"म्हणजे आता याला वास येणारच नाही?"
"येऊ नये, म्हणूनच."

तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
"अख्ख्या बंदराचं नाव सुगंधी.
पणज्याच्या पणज्याने म्हणे इथूनच खोडं वाहिली किनाऱ्यावर.
मी ब्याऐंशीचा झालो.
नाव ऐकलंय. वास नाही."

माझ्या भाषेत लाकडाने झिजावं,
मग त्याचं कौतुक.
त्या दुपारी, तिचा ब्रश बघताना,
मला ते सगळं कौतुक जरा लुच्चं वाटलं.

पुढच्या आठवड्यात लोखंडी पिंजरा बसला,
माणसाच्या दीडपट उंच, चार बोल्ट.
एक किल्ली कचेरीत, एक फुक-साऊकडे,
बनियनच्या आत, दोऱ्यात.

आता रोज सकाळी तो आत शिरतो,
घावाला नाक लावतो, मोठा श्वास घेतो,
आणि हेई-लामला फोनवर निरोप बोलतो :
"आज रंगाचा वास. बाकी काही नाही."

परवा मात्र निरोपात मध्येच थांबला.
कुत्र्याचा आवाज, वारा,
मग पुष्कळ वेळाने :
"काही नाही, म्हटलं ना."

तिने तो तीनदा ऐकला
आणि डबा पिशवीत टाकला.