वल्ह्यांची होडी

दाशोगुझमध्ये जुलैत कबुतरंसुद्धा बोलत नाहीत.
औषधांच्या दुकानात पंखा नुसता आवाज करतो
आणि मी तारखा बघत बसते:
खोकल्याचं औषध, मार्चपर्यंत.
डोळ्यांचे थेंब, संपले.
दोव्राननं काल विकलेली किल्ली:
"आठवडाभर टिकेल, ओगुलशात-दायझा,
नाही टिकली तर मला ओळखू नका."

शेजारच्या इहलासला पहाटे परत झटका आला.
वय चार, वजन सव्वातेरा किलो.
डॉक्टर अश्गाबादला गेलेले.
नव्या गोळीसोबत जुनी चालेल का,
एवढंच विचारायचं होतं.
सरकारविषयी मला काही म्हणायचं नव्हतं
(तसं कुणी विचारलंही नव्हतं).
पण उत्तर ज्या पानावर आहे
ते इथून उघडत नाही.
का उघडत नाही, ते सांगणारं पान तर नाहीच.

पडदा अर्धा ओढला.
फोनवरचं चक्र फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
मी दोनदा रस्त्याकडे बघून घेतलं
आणि मग कळलं की मी आता फिनलंडमध्ये आहे.

तिथे कुणीतरी
संगणक चालू ठेवून झोपी गेलं असावं,
मागचं दार नुसतं लोटून,
आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरातून
चपला हातात घेऊन चालले आहे.
माझा पत्ता लागू नये म्हणून
त्यांनी मला त्यांचा पत्ता दिला.
एवढ्याशा ओळखीवर
मी कुणाकडून मीठही आणलं नसतं.

पान उघडलं.
जुनी अर्धी, रात्रीच. दोन्ही एकदम नाही.
खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं,
पेन्सिलीनं, म्हणजे खोडता येईल.

आणि बाजूच्या चौकटीत,
मला तिथलीच समजून,
एक होडी.
लाकडी, दोन वल्ह्यांची, हप्त्यांवर.
सोउतुवेने, असं काहीसं नाव.
मला!
जिच्या गावापासून नदीच आता
दर वर्षी थोडी लांब राहायला जाते.

इहलासच्या आईनं विचारलं, कुणाला विचारलंत?
म्हटलं, आहेत एक ओळखीचे.
अल्ला त्यांचं भलं करो, ती म्हणाली, कुठे असतात?
मी गोळ्या मोजत राहिले.

शुक्रवारी किल्ली मेली, दोन दिवस आधीच.
दोव्रान बाजारात दिसला, कलिंगडांच्या ढिगामागे.
ठरल्याप्रमाणे ओळखलं नाही.

रात्री उकाड्यात अंगणातल्या तख्तावर पडते
तेव्हा ती होडी आठवते.
हिरवी होती की निळी?
आत कुणी बसलेलं नव्हतं, एवढं नक्की.