नग अकरा

कळंब्याच्या वृद्धाश्रमातून फोन आला तेव्हा
मी उद्यमनगरात दुसऱ्याच कुणाचं शटर ठोकत होतो.
"शिकलगार, आगीची दारं बघायचीत. अकरा आहेत.
दुरुस्त होतात की नवी घ्यायची, तेवढं लिहून द्या."
तेवढं.

माझं माप साधं आहे: रुपयाची नाणी.
दाराच्या आणि चौकटीच्या फटीत दोन बसली, चालतंय.
तिसरं शिरलं की धूरही शिरतो,
आणि धूर आगीच्या आधी येतो,
दारात चप्पल काढत नाही.

पहिलं: बिजागरीचे स्क्रू ढिले. दुरुस्ती.
दुसरं: क्लोजरचं तेल गळून दार आपटतं,
आतल्या काकूंनी कडेला उशीचा अभ्रा बांधलाय. दुरुस्ती.
तिसऱ्यात टीव्हीच्या वायरीसाठी भोक,
अंगठा जाईल एवढं.
पाडणारा गेला, टीव्ही गेला, भोक राहिलं.
टॉर्च लावून पलीकडची भिंत बघितली
आणि 'नवं' लिहिलं.
पाचव्याच्या कडेची पट्टी,
तापली की फुगून फट बुजवणारी,
तिच्यावर रंगाऱ्यानं हात मारलेत,
दर दिवाळीला एक.
खरवडलं. आत पट्टी धड होती.

ट्रस्टी कुंभोजकर वही घेऊन मागं मागं.
"अजून किती वर्षं काढतील हो?"
कॅरमवरून मगदूम तात्यांनी मान वर केली:
"कोण? आम्ही का दारं?"
सगळे हसले. कुंभोजकरांनी पेनाला टोपण लावलं, परत काढलं.
मी दारांचंच सांगितलं.
माणसांना दारांशेजारी उभं करून मापणारा मी नव्हे.
दाराला लेबल असतं, अर्धा तास, एक तास;
त्याच्यासारखंच एक दार
कुठंतरी भट्टीत जाळून बघितलेलं असतं.

अकरावं दार उत्तम.
फट दोन नाण्यांची, पट्टी कोरी, लेबल वाचता येतं.
फक्त ते कधी लागतच नाही.
खाली वरवंटा.
पायानं सरकवायला गेलो तर आतून आवाज:
"ऱ्हाऊ दे की तितंच."
हौसाबाई चौगुले, चिखलीच्या.
एकोणीसच्या पुरात दार फुगून बसलं,
आत त्या आणि एक शेळी.
पाणी गुडघ्याला, मग कमरेला.
"भायेरनं पोरं धडका देत हुती.
दार लई चांगलं हुतं बघ. सागवानी."

नियम मला पाठ आहे:
उघडं ठेवलेलं आगीचं दार म्हणजे दारच नव्हे.
म्हणालो नाही.
गेल्या वर्षी तपासणीवाला म्हणाला होता,
वरवंटा उचलून नेलाही होता ऑफिसात.
दुसऱ्या दिवशी तिथं वीट होती.

रात्री घरी कोटेशन लिहायला बसलो.
दुरुस्ती सात. नवी तीन.
अकराव्यापुढं: दार आहे तसं. चुंबक, एक नग.
घंटा वाजली की सोडतो,
तोवर दाराला धरून ठेवतो.
दराच्या रकान्यावर पेन टेकवून बसलो बराच वेळ,
शाईचा ठिपका पडला,
तेवढाच राहू दिला.

आज बसवला. घंटा वाजवून दाखवली.
दार सुटलं, सावकाश गेलं, खट्ट लागलं.
आत हौसाबाई, बाहेर मी.
आतलं काही ऐकू येईना, चांगल्या दाराची हीच खूण,
आणि मला पहिल्यांदाच ती आवडली नाही.
मग मूठ खाली गेली.
हळू, पण गेली.
दार उघडून त्या उभ्या, एक हात चौकटीला.
"परत वाजीव."
वाजवली.
"परत."
सहाव्या वेळी मगदूम तात्या ओरडले,
"आग लागली का शाळा सुटली?"

वरवंटा कॉटखाली आहे.
मला तो दिसला नाही.