हॉलिस बँकेवरची ड्यूटी

श्रॉपशरमध्ये चढाला बँक म्हणतात.
हॉलिस बँक पाऊण मैलांची:
पायथ्याशी गुरं अडवायला रस्त्यात बसवलेली लोखंडी जाळी,
पुढे झाडांच्या बोगद्यात ओला पाला,
मग वळण, आणि वळणावर मी,
नारिंगी जाकीट, हातात झेंडा,
थर्मॉसमध्ये आलं घातलेला चहा.
व्याज देत नाही ही बँक.
पायांत जे काही साठवून आणाल ते काढून घेते,
पावतीसुद्धा फाडत नाही.

गेल्या वर्षी शर्यत खाली होती, हमरस्त्यावर.
परातीसारखा सपाट रस्ता, पाठीला वारा,
चौसष्ट जण आले होते.
हॉलमध्ये नंबर लावायच्या पिना पुरल्या नाहीत,
अंड्याची सँडविचं साडेदहालाच खल्लास.
क्लबच्या सभेत केनेल्म म्हणाला,
लोकांना आपली वेळ दोन मिनिटांनी कमी करून हवी असते,
ती सपाटीवर मिळते. सपाट ठेवा.
ग्लेनिस प्रिचर्डने चष्मा काढून स्वेटरला पुसला,
म्हणाली, टेकडी वगळली तर या गावात राहतं काय,
चर्च आणि बसचा थांबा.
हात वर झाले. पाच विरुद्ध चार.
पाचवा माझा होता.

माझा काय संबंध, खरं तर.
मी सांगलीची.
आमच्याकडे चढ म्हणजे कृष्णेच्या पुलावर जाताना लागतो तेवढा,
तोही डबलसीट असलं तरच जाणवणारा.
शर्यत मी कधी केलेली नाही.
फक्त नकाशावर त्या टेकडीच्या रेषा
एकमेकींना इतक्या खेटून काढलेल्या पाहिल्या,
आणि हात वर गेला.

आज सकाळी चौदा आले.
सँडविचं साठ.
ग्लेनिसने नंबर ओळीने नाही वाटले,
तीन, अकरा, सव्वीस, एकेचाळीस,
कागदावर तरी गर्दी दिसावी म्हणून.
केनेल्म काही बोलला नाही.
तो कपबशा मोजत राहिला.

पहिल्या फेरीला सगळे एकत्र आले,
वाफ सोडणारं एकच जनावर,
गिअरांची कटकट, कुणीतरी कुणाला तरी सॉरी म्हणालं.
दुसऱ्या फेरीला नुसते श्वास,
तेही सुटे सुटे.
तिसरीला मी हातातल्या चिठ्ठीवर रेघा ओढत होते,
चार उभ्या, एक आडवी,
अशा दोन जुड्या, वर तीन रेघा.

एक बाकी.
वॉकीटॉकी खरखरली: झाले का सगळे?
म्हटलं, अठ्ठावन्न नंबर यायचाय.
पलीकडे जरा शांतता.
ऑल्विन बेडोज, वय एकाहत्तर,
गावातल्या निम्म्या घरांचे गॅस त्यानेच जोडलेले.
पंधरा मिनिटं झाली. वीस.
भिंतीपलीकडून एक मेंढी
माझ्याकडे पाहत रवंथ करत राहिली.

मग खालून आवाज आला, टक, टक,
सायकलच्या बुटांखालची पट्टी रस्त्यावर आपटल्याचा.
चालत होता.
सायकल हाताशी, जनावराला पाण्यावर नेतात तशी.
मी दिसले तसा थांबला.
सावकाश टांग टाकली,
दोनदा पाय निसटला, तिसऱ्यांदा बसला,
आणि माझ्यासमोरून, दात आवळून,
साधारण वीस पावलांचं अंतर
ऑल्विन बेडोज शर्यत चालवत गेला.
मी झेंडा उंच धरला. मागे-पुढे गाडी नव्हतीच.

तो वळणाआड गेला.
जरा वेळ काही नाही.
मग पुन्हा, टक, टक.

मी चिठ्ठीवर चौदावी रेघ ओढली.
गेला का? यंत्रातून ग्लेनिसने विचारलं.
गेला.
कसा वाटला?
सायकलवर होता, मी म्हटलं.

चहा केव्हाच गार झाला होता.
आलं तेवढं
घशात अजून तिखट लागत होतं.