नाकाचं चाक

लेम्स्टर लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरंच,
हे अंगवळणी पडायला मला दोन हिवाळे लागले.
गावाबाहेरच्या धावपट्टीचं तसं नाही.
तिथं घडतं ते धातूवर स्पष्ट उमटतं
आणि वाचायला माझ्याकडे येतं.

प्रोपेलरची टोकं मागे वळली असतील
तर इंजिन मंद होतं. पुढे वळली असतील तर जोरात.
शेपटीखाली खरवडलं असेल, तर नाक फार वर धरलेलं.
नाकाचं चाक मोडलं असेल
तर कुणीतरी घाई केली.

मंगळवारी बेथन प्यूचं विमान आलं.
एकोणीस वर्षांची. पहाटे चारला बेकरीत पाव भाजते
आणि त्या पैशांनी आकाशातले तास घेते,
एकेक, सुटे.
आजवर चौदा. एकटीनं घेतलेला हा दुसरा.

वारा आडवा, सफरचंदाच्या बागेवरून,
फार नाही, वाळत घातलेला टॉवेल हलेल इतकाच.
पहिल्यांदा टेकली ती नीटच, असं तिला वाटलं.
जमिनीनं तिला परत वर दिलं, कमरेइतकं.
अशा वेळी नाक आहे तसं धरून ठेवायचं,
नाहीतर सगळी ताकद लावून निघून जायचं.
तिनं दांडा पुढे ढकलला.
दुसरी उसळी पुरुषभर. तिसरी छपराएवढी.
चौथ्यांदा विमानानं नाक घासलं
डांबरावर, अठरा मीटर,
चूक कबूल करताना आपल्याकडे घासतात तसं.
मग शांतता.
मग मेंढ्या पुन्हा चरायला लागल्या.

फॉर्म भरताना मी शेजारी बसले.
विमानात माणसं: एक. इजा: नाही.
(जीभ चावली होती, ती धरत नाहीत.)
कारण, या रकान्यापाशी पेन थांबलं.
"मला फक्त ते संपायला हवं होतं," ती म्हणाली.
तेवढं त्या रकान्यात मावलं असतं.
तिनं लिहिलं: आडवा वारा.
मी खोडायला लावलं नाही.

इचलकरंजीत माझे बाबा माग दुरुस्त करायचे.
धोटा तुटला की कुणावर ओरडायचे नाहीत.
तुटका धोटा त्या कामगाराच्या हातात द्यायचे
आणि चहाला निघून जायचे.

बुधवारी बेथनला म्हटलं, इथं हात ठेव.
इंजिनमागच्या पत्र्यावर एक सुरकुती होती,
उशीवरून उठल्यावर गालावर असते तेवढी.
"एवढीच?"
"एवढीच. आणि इंजिन उतरवायचं, उघडायचं,
प्रोपेलर नवा, सहा आठवडे."
तिनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. नखात पीठ होतं.

हात टेकणं, गुडघे टेकणं, माथा टेकणं:
माझ्या भाषेत टेकणारा थकलेला असतो, नाहीतर शरण.
हे तिला इंग्रजीत सांगता येईना.
म्हटलं, जमिनीला जरा तुझी वाट बघू दे.

जूनमध्ये हँगरचं दार उघडं होतं.
ती वर आहे हे ठाऊक होतं मला.
इंजिन मंद झालं. टायर चिरकला.
मग काहीच न वाजण्याचा तो क्षण.
हातात पाना. मी दारापर्यंत गेले नाही.

आणि मग इंजिन, पूर्ण ताकदीनं,
धावपट्टीच्या टोकावरून, बागेवरून, लांब.
इतकं नीट न उतरणं
मी आजवर ऐकलं नव्हतं.

बोल्ट अर्धाच आवळला होता.
किती फेरे झाले ते विसरले.
सैल केला, आणि पहिल्यापासून.