दाब

कुतैसीत, बाजारामागच्या गल्लीत
एतेरी थडग्यांवरचे फोटो दुरुस्त करते.
अकरा वर्षं माउस:
साबणाच्या वडीनं भुवया काढाव्यात, तसं.
मनगट सुजलं, तेव्हा भाचा झुराब
एक काळी पाटी आणि पेन ठेवून गेला.

चार दिवस नुसती चिडचिड.
हात इथं, रेघ तिथं,
पाटी कोरी ती कोरीच.
चाचपावं अंधारात कुणाला
आणि दिवा लागावा शेजारच्या खोलीत.

पाचव्या दिवशी त्सिआला आली.
नवऱ्याचा एकच फोटो,
घडी नेमकी गालावरून गेलेली.
एतेरीनं ती पुसली, हलकेच.
हलकेच म्हणजे किती, हे पेनाला कळतं;
माउसला नुसतं हो किंवा नाही.

मग हनुवटीखालचा व्रण.
तोही जाऊ लागला, तशी त्सिआला म्हणाली,
"राहू दे. वस्तरा माझ्या हातात होता.
हसवलं त्यानंच."

एक पाऊल मागे. व्रण परतला.

निघताना तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही.
वाकून, कोऱ्या पाटीवर
अदमासानं त्या जागी
अंगठा टेकवला,
जरा दाबून.

पडद्यावर काही हललं नाही.
एतेरीनं पेन खाली ठेवलं,
आणि बराच वेळ
पाटी पुसली नाही.