कोऱ्या जमिनीचे अकरा दिवस

मी जॅकार्डचे पुठ्ठे पंच करतो,
अशोक चौकामागच्या बोळात, पत्र्याखाली,
एकतीस वर्षं.
कुठल्या धाग्यानं उठायचं, कुठल्यानं बसायचं
ते माझ्या भोकांवर ठरतं.
मोर पाडले, गुलाब पाडले,
एका सावकाराच्या पोरीच्या लग्नात
चादरीवर नवरा-नवरीची नावंसुद्धा.
स्वतःचं असं काही पाडलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, साखर वाढलीय, चाला.
भाचा अंबादास म्हणाला, मामा, ॲप घ्या,
रोजची नोंद ठेवतं, शाबासकी देतं.
म्हटलं, माझ्याकडे पुठ्ठे आहेत.

रद्दीतले काढले. एका दिवसाला एक.
जमिनीची भोकं आधीच पाडून ठेवली,
वर तीन जागा मोकळ्या.
कंबर तलावापर्यंत चाललो, तर एक.
तंबाखूची डबी उघडली नाही, तर एक.
श्रीहरीवर ओरडायच्या आधी
पाण्याचा घोट तोंडात धरून थांबलो, तर एक.
हे तिसरं फार जड गेलं.
पहिल्या आठवड्यात तांब्याच्या तांब्या रिकामा केला,
आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी.

बालमणी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
"काय करलालाव ओ रातच्याला? टक टक?"
सांगितलं. सवय लावतोय.
ती हसली नाही. पानाला कात्री लावत म्हणाली,
"रोज हजार वळते मी, ताप असला तरी.
तिला कोण सवय म्हणतंय?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
त्या रात्री मी तिची सातशे झाल्यावर सूप बाजूला घेतलं,
उरलेल्या तीनशेला दोरा बांधत बसलो.
वाईट बांधला. कारखान्यात चाळीस छाट निघाली.
त्याला पुठ्ठ्यावर जागाच नव्हती.

एप्रिलात गुडघा सुजला.
अकरा दिवस खाटेवर. डबी उशाशी.
श्रीहरीवर ओरडलो, अंबादासवर ओरडलो,
पंख्यावरही ओरडलो, वीज गेल्यावर.
अकरा पुठ्ठे तसेच.
वाटलं, गेलं डिझाइन. जाळून टाकावेत चुलीत.

मग एका रविवारी, मालक अक्कलकोटला गेलेले,
साऱ्या पुठ्ठ्यांना दोरी ओवून माळ केली
आणि कोपऱ्यातल्या जुन्या मागावर चढवली.
उरलेला तांबडा धागा कांडीवर.
श्रीहरी माग चालवायला आला, न बोलावता.
एकेक दिवस पुढे सरकला, खट,
एकेका दिवसाला धोटा इकडून तिकडे.

बोटभर रुंद पट्टी निघाली, तेवढीच.
काही ओळींत ठिपके दाट, काही ओळींत एकच,
मोर नाही, गुलाब नाही,
कोणीतरी बाजरी सांडावी तसं.
आणि मध्ये अकरा ओळी नुसती जमीन.
मी तिथे बोट ठेवलं. खेचून पाहिलं.
तिथे कापड फाटलं नव्हतं.
श्रीहरी म्हणाला, "इथे काय झालतं?"
पाण्याचा घोट घ्यायची गरज पडली नाही.
"गुडघा," म्हटलं.

पट्टी बालमणीनं घेतली,
तंबाखूच्या सुपाची सुटलेली कड बांधायला.
आता रोज तिच्या मांडीवर असते.
काल रात्री पंच उचलला, पुठ्ठा उचलला,
आणि तीन जागांच्या शेजारी
चौथ्या जागेची खूण केली, पेन्सिलीनं.
कशाची, ते अजून ठरलं नाही.
दोरा बांधायचा असेल बहुतेक.